एकच कॅमेरा, दोन ग्लासगो

महोदय,
जुन्या इमारतींच्या फोटोंत नुसते दगड दिसतात, असं म्हणणाऱ्यांनी स्कॉटिश छायाचित्रकार टॉमस अ‍ॅननचं ग्लासगो शहर पाहावं. शहर सुधारणा ट्रस्टसाठी त्याने १८६८ ते १८७१ दरम्यान पाडायला काढलेल्या गरीब वस्तीच्या गल्ल्या टिपल्या. भिंती इतक्या जवळ की वर आभाळाची चिंधीच उरते. काठ्यांवर धुणं वाळतंय, आणि हललेली पोरं भुतासारखी पुसट. तेव्हा फोटो ओलं रसायन लावलेल्या काचेवर काढत, आणि तिच्यावर चित्र उमटायला वेळच तेवढा लागे. १८७०मध्ये याच अ‍ॅननच्या शंभर फोटोंचा संग्रह निघाला, तो ग्लासगोभोवतालच्या श्रीमंत घराण्यांच्या वाड्यांचा. त्या मालकांतले कित्येक तंबाखू-साखरेच्या व्यापारावर गब्बर झालेले! वाड्यांना मालकांच्या पिढ्यांचा इतिहास जोडलाय. गल्लीखाली मात्र नुसता पत्ता: ११८, हाय स्ट्रीट.

एक वाचक, सातारा