विषय: बावीस महिन्यांत ‘जुना’ ठरवलेला फोन आणि त्याचा न मिळणारा चार्जिंगचा सीसी बोर्ड

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

काल दुपारी तुमच्या ग्राहक सेवेला सहावा कॉल केला. एकवीस मिनिटं गेली आणि शेवटी तिकडूनच कापला. म्हणून आता लेखी देतो आहे.

फोन २०२३ च्या दसऱ्याला यवतमाळच्या दुकानातून घेतला. १४,९९९ रुपये, रोख. त्या हंगामात आमचा कापूस क्विंटलला सात हजारांच्या आत गेला, म्हणजे दोन क्विंटलांहून जास्त कापूस या एका फोनात गेला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये चार्जिंग बंद झालं. फोन पडला नाही, भिजला नाही. घाटंजीच्या मेकॅनिकने खोलून पाहिलं तर फक्त खालचा सीसी बोर्ड, म्हणजे चार्जिंगची बोटभर पट्टी गेलेली, बाकी सगळं ठणठणीत. या मॉडेलचा बोर्ड बाजारात येत नाही, कंपनीकडेच मिळेल, असं तो म्हणाला. यवतमाळच्या सेंटरने नागपूर दाखवलं. ऐन फवारणीचा दिवस मोडून नागपूरला गेलो, यवतमाळपासून दीडशे किलोमीटर एसटीने. काउंटरवरच्या मुलाने नंबर टाकला आणि सांगितलं, मॉडेल बंद झालं, पार्ट येत नाही.

आता कालचा कॉल. तो तुमच्याकडे रेकॉर्ड असेलच, ऐकून घ्या.

मी म्हटलं, “साहेब, बोटभर पट्टी पाहिजे. पैसे मी देतो. वॉरंटी संपली हे मले माहीत आहे.”
“सर, तुमचा फोन जुना झाला आहे.”
“बावीस महिने झाले.”
“सर, त्यानंतर आमची दोन मॉडेल आली. तुम्ही अपग्रेड का करत नाही?”
“मले अपग्रेड नाही पाहिजे, पट्टी पाहिजे.”
“सर, एक्स्चेंजमध्ये तुमच्या फोनचे अकराशे रुपये मिळतील. शिवाय ईएमआयची सोय आहे.”
मी सांगितलं, मी कास्तकार आहे, माझा पैसा वर्षातून एकदा येतो, तोही कापूस विकल्यावर. त्यावर तो म्हणाला, “सर, मग तुम्ही साधा बटणाचा फोन का वापरत नाही?”

हे वाक्य मी रात्रभर विसरलो नाही. बटणाच्या फोनवर ई-पीक पाहणी होते का? वावरात उभं राहून पिकाचा फोटो काढावा लागतो, जागा जुळावी लागते, तेव्हा सातबाऱ्यावर पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या पिकाची नोंद होते. २०२५-२६ च्या हंगामात सीसीआयला, म्हणजे हमीभावाने कापूस घेणाऱ्या सरकारी महामंडळाला, कापूस द्यायचा तर ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी सक्तीची केली. त्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाला हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये ठरला. नोंदणी राहिली तर खाजगी व्यापारी देईल तो भाव घ्यावा लागतो. पुतण्याचा फोन मागून, त्याच्या सवडीने दोन चकरा मारून मी ई-पीक पाहणी केली. हा फोन मी हौसेसाठी घेतला नव्हता.

माझ्या विहिरीवर पाच एचपीची मोटर आहे, २००९ ची. वाइंडिंग दोनदा जळलं, दोन्ही वेळा घाटंजीत भरून मिळालं. बुश मिळतो, बेरिंग मिळतं. त्या कंपनीनेही पुढे नव्या मोटरी काढल्याच, पण जुन्या मोटरीचं सामान बंद केलं नाही. तुमची अडचण काय आहे ते मला समजत नाही. सात-आठ महिन्यांनी नवं मॉडेल काढता, त्यात चार्जिंगचा बोर्डही बदलता, आणि मागच्याचे पार्ट ठेवत नाही. नवं मॉडेल काढा, पण विकलेल्याची जबाबदारी सोडू नका. बंद पडायच्या आदल्या दिवशीही या फोनवर तुमच्या नव्या मॉडेलची जाहिरात आली होती. जाहिरात माझ्या वावरापर्यंत पोचते, बोटभर पट्टी मात्र नागपूरपर्यंतही पोचत नाही.

घरात तुमच्याच कंपनीचे तीन फोन आहेत. मी सांगितलं म्हणून साळ्याने घेतला, शेजाऱ्याने घेतला. आता त्यांना तोंड कसं दाखवू?

ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ ला दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, ते तुम्हाला माहीत आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मला मी राहतो त्याच जिल्ह्यात, यवतमाळच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या मालासाठी फी लागत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार मी आज सकाळीच नोंदवली. पंधरा दिवसांत सीसी बोर्ड यवतमाळच्या सेंटरला पाठवा, नाहीतर फोनची रक्कम परत करा. अकराशेचं एक्स्चेंज पुन्हा सांगू नका. पंधरा दिवसांनंतर पावती, नागपूरच्या सेंटरचा शेरा आणि सहाही कॉलच्या तारखा घेऊन मी आयोगात जाईन.

आणखी एक. डेटा आधीच काढून ठेवायला हवा होता, असं तुमच्या माणसाने ऐकवलं. बंद फोनमधून डेटा कसा काढायचा ते त्याने सांगितलं नाही. त्यात २०२४ च्या पोळ्याचे फोटो आहेत. जोडीतला डावा बैल त्या हिवाळ्यात गेला. त्याचा दुसरा फोटो आमच्याकडे नाही. बोर्ड बसवताना फोन फॉरमॅट करायचा नाही, हे सेंटरला लेखी कळवा.

आपला ग्राहक,
एक कास्तकार, तालुका घाटंजी, जिल्हा यवतमाळ
(सोबत: पावतीची आणि नागपूरच्या जॉबशीटची झेरॉक्स)