बर, कानस आणि विमानाचा पंख

विचिटा, कॅन्सस

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

आई, दर रविवारी फोनवर तू विचारतेस, "विमान कुठवर आलं?" आणि मी "चाललंय" म्हणून विषय बदलते. आज नीट लिहिते. शेपटी तयार आहे, आता पंखाच्या रिब्ज, म्हणजे त्याला आकार देणाऱ्या आतल्या फासळ्या. पण सध्या जोडणी काहीच नाही. मी गॅरेजमध्ये बसून नुसती बर काढतेय.

बाबांची सगळी नोकरी टूलरूममध्ये गेली, त्यांना वेगळं सांगायला नको. आई, पत्रा कापला किंवा भोक पाडलं की कडेला बोटाला लागेल असा बारीक काटा राहतो, तो बर. किटमधल्या, म्हणजे घरी जोडायला सुट्या भागांत मिळणाऱ्या विमानाच्या, पत्र्यांना भोकं आधीच पाडलेली असतात, पण साफ आपणच करायची. आणि ती हजारोंनी आहेत, दोन्ही बाजूंनी.

कडांना आधी कानस, मग बेंच ग्राइंडरवर स्कॉच-ब्राइटचं चाक. तुझ्या ओट्यावरच्या हिरव्या घासणीचा हा दांडगा भाऊ. (गॉगल आणि मास्क लावते. हातमोजे मात्र नाही, चाकात अडकतात.) रिबच्या वळवलेल्या काठाला खाचा असतात, तिथे हे चाक पोचत नाही. तिथे सुई-कानस, नाहीतर काडीला गुंडाळलेला पॉलिशपेपर. मग बाबांची जुनी युक्ती: कडेवरून कॉटन वेस्ट फिरवायचं. एक धागा जरी अडकला तरी परत कानस.

भोकांचं काम त्याहून नाजूक. काउंटरसिंकचं (भोकाची कड तिरकी कापणाऱ्या हत्याराचं) टोक चिमटीत धरून भोकावर एक-दोन वेढे द्यायचे, बस. पत्रा जेमतेम अर्धा मिलिमीटर. जोर केला तर भोक मोठं होतं आणि पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटला धरायला कड उरत नाही. बर तसाच ठेवला तर दोन पत्रे एकमेकांवर बसत नाहीत, ठोकताना रिव्हेट मधल्या फटीत फुगतो.

खरी भीती तड्याची. उडताना पंख सारखा वाकतो आणि सरळ होतो. अमुक ताणाच्या आत असलं की कितीही वेळा वाकवा, असं स्टीलचं असतं. अ‍ॅल्युमिनियमला तशी हद्दच नाही. ओरखडा किंवा बर असेल तिथे ताण एकवटतो आणि तडा तिथूनच निघतो. (बाबा, १९५४ मध्ये हवेत फुटलेल्या कॉमेट विमानांचं आईला सांगू नका. तिथेही तडा खिडकीजवळच्या भोकापासूनच गेला होता.) पत्र्यावर शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर असतो, तो गंजापासून वाचवतो, म्हणून ओरखडा घासून काढला की तिथे प्रायमर लावावाच लागतो.

कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या कॅप्टन अमोल यादवांचं कात्रण तुम्ही पाठवलंत, ते गॅरेजच्या भिंतीवर लावलंय. पण बाबा, त्यांच्याशी माझी तुलना नको. त्यांनी विमान स्वतः आखलं, वर परवान्यासाठी २०१९ पर्यंत झगडले. मी आयत्या किटला कानस मारणारी. इथे निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने स्वतः केलंय एवढं दाखवावं लागतं, म्हणून प्रत्येक टप्प्याचे फोटो काढते.

आई, तू बसायचं म्हणशील तर घाई नाही. आधी सरकारी तपासणी, मग इंजिननुसार सहसा पहिले २५ किंवा ४० तास प्रवासी नेताच येत नाही. नंतरही आत पाटी असेल, की हे विमान हौशी माणसाने बांधलंय. ती वाचून ठरव.

बाबा, मे महिन्यात येताय ना? उजव्या पंखाच्या रिब्जना मी हात लावलेला नाही. कड हाताला कळण्याचं काम तुमच्याइतकं मला जमत नाही, आणि जावईबापूंना तर रविवारी झोपायचंच असतं. तुमची सुई-कानसांची पेटी घेऊन या. चेक-इन बॅगेत टाका, हातातल्या बॅगेत ठेवलीत तर मुंबईलाच काढून घेतील.

तुमची,
छकुली