सुमनला, फार उशिरा

प्रिय सुमन,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या दोन पत्रांना उत्तर राहिले, रागावू नकोस. गुडघा होता तसाच आहे, रक्तदाब गोळीवर ठीक आहे. लिहायला बसले ती एका मुलामुळे, आणि हे तुझ्याशिवाय कोणाला कळणार नाही.

मुलगा तिसरीतला, त्याचे नाव तुलाही सांगणार नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो खेळायला जाईना, डबा तसाच परत नेऊ लागला, आणि एके दिवशी मी वह्या तपासत असताना टेबलाशी येऊन म्हणाला, "बाई, आईची शपथ मोडली तर आई खरेच मरते का?" मी म्हणाले, "नाही रे, शपथेने कोणी मरत नाही." मग त्याने घरी राहायला आलेल्या एका नातेवाइकाबद्दल सांगितले. तू सांगितलेस हे बरे केलेस, यात तुझी काहीही चूक नाही, आणि तुला मदत करतील अशा माणसांना मी हे सांगणार आहे, एवढेच मी बोलले. खोदून विचारले नाही, कारण मुलाला तेच ते पुन्हा सांगायला लावण्यानेही इजा होते.

त्या क्षणी मला काकूंच्या वाड्याची गच्ची आठवली. आपण पापड राखत बसलो होतो, तू मला सांगितलेस, आणि मी म्हणाले, "तुला भास झाला असेल, पेटीचे गुरुजी किती देवमाणूस आहेत." पुढे तू पेटीच्या शिकवणीला येईनाशी झालीस म्हणून मी सहा महिने अबोला धरला. त्या अबोल्यात बंडूने निरोप पोचवण्यासाठी दोन्हीकडून लिमलेटच्या गोळ्या उकळल्या, हे आठवून आपण कितीदा हसलो; पण तू शिकवणी का सोडलीस, हे मी कधी विचारले नाही.

आमचे मुख्याध्यापक म्हणाले, आधी घरच्यांशी बोलू, शाळेचे नाव जाईल. मी त्यांच्यापुढे पॉक्सो कायद्याचे, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचे, कलम १९ ठेवले. हा कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे, त्यात मुलगा आणि मुलगी असा भेद नाही, आणि माहिती असलेल्या प्रत्येकाने ती कळवणे बंधनकारक आहे. ती दडवली तर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्याच संध्याकाळी पोलिसांना कळवले. जबाब त्याच्या मावशीच्या घरी झाला, महिला अधिकारी साध्या कपड्यांत आल्या होत्या. कायद्यात तशी तरतूदच आहे, आणि ती पाळली गेली म्हणून मला रडू आले.

त्याची आई म्हणाली, "मुलगा आहे, मोठा झाला की विसरेल." या एका वाक्याशी मी महिनाभर भांडते आहे. केंद्र सरकारने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक छळ सांगितला होता, त्यांत मुलगे मुलींहून किंचित अधिकच होते, आणि बहुतेकांनी तोवर ते कोणालाही सांगितले नव्हते. विसरणे कसले, सुमन! आता ती त्याच्याबरोबर समुपदेशनाला जाते. तिथे त्याला आधी भीती शरीरात कुठे जाणवते ते ओळखायला आणि श्वास संथ करायला शिकवतात. घडलेल्या गोष्टीकडे नंतर, त्याच्या कलाने वळतात. आईशी वेगळे बोलतात, कारण घरातले एक मोठे माणूस विश्वास ठेवून पाठीशी उभे राहिले की मूल सावरणे पुष्कळ सोपे होते. तुझ्या पाठीशी तेव्हा कोण होते?

'अनोळखी माणसाकडून खाऊ घेऊ नकोस' एवढेच आपल्याला शिकवले. ओळखीच्यांबद्दल कोणी अवाक्षर काढले नाही. मी आता वर्गात अवयवांची खरी नावे सांगते, नको असेल तर कोणालाही पापी द्यायची नाही असे सांगते, आणि आईबाबांपासून लपवायला लावणारे गुपित ठेवायचे नसते, एकाने ऐकले नाही तर दुसऱ्याला सांगायचे, हे पुन्हा पुन्हा घोकून घेते. १०९८ हा मुलांच्या मदतीसाठीचा फोन क्रमांक फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहिलेला असतो.

मीनूचे दिवस भरत आले ना? तिला आशीर्वाद. मोतीबिंदूचे लांबवू नकोस.

सुमन, गच्चीवरच्या त्या दिवसानंतर तुझे काय झाले, हे मी पंचेचाळीस वर्षांत विचारले नाही. संक्रांतीला येते. सांगावेसे वाटले तर सांग, नाही वाटले तरी मी येते.

तुझी,
वासंती