मनू, रात्री निघू नकोस

प्रिय मनू,

पोचल्याचा मेसेज बघितला. नुसतं "पोचले" लिहिलंयस, म्हणजे राग गेला नाही अजून. फोनवर बोलायला गेलं की आपल्या दोघींचं दोन मिनिटात परत तेच सुरू होतंय म्हणून लिहायला बसले. पप्पा दुकानात गेलेत, आप्पाआजोबा जेवून पडलेत, ते कुठं आहेत ते दाखवणारा त्यांच्या मनगटाचा बँड चार्जिंगला लावलाय आणि मी आप्पांच्या समोरच बसलेय, काळजी करू नको.

कोण बरोबर कोण चूक यात मला पडायचंच नाही. रात्री साडेबाराला तुला बँडच्या ॲपवर आप्पांचा ठिपका सिद्धेश्वर तलावाच्या पाण्यात दिसला, माझा फोन लागेना, पप्पांचा लागेना, कुणाचाही जीव उडेल. पण तू एकटी, मैत्रिणीची गाडी घेऊन, त्या वेळी, पुण्याहून सोलापूरपर्यंत अडीचशे किलोमीटर. आता गाळपाचा सीझन चालूय बाळा, टेंभुर्णीपासून मोहोळपर्यंत उसाच्या ट्रॉल्या, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, पप्पा दिवसासुद्धा त्या रोडला चाळीसच्या वर जात नाहीत. पहाटे दार उघडलं तर तू, डोळे लाल, आणि पहिलं वाक्य "आप्पा कुठंयत". आप्पा चादर डोक्यावरून घेऊन झोपलेले.

हे परत नाही करायचं. एवढंच सांगायचं होतं. बाकी पत्रात हा विषय नाही काढणार.

आता तो ठिपका तलावात कसा गेला ते तूच मला समजावून सांगितलंस आणि मी ते नीट लक्षात ठेवलंय. उघड्यावर असले की बँड सॅटेलाईटवरून जागा काढतो, तेव्हा पाचदहा मीटरच्या आतबाहेर बरोबर दाखवतो. पण स्लॅबच्या घरात, आणि आपल्या बाळीवेसच्या बोळात दोन्हीकडं तीन तीन मजले, तिथं सॅटेलाईट दिसत नाही त्याला, मग तो वायफायवरून नाहीतर मोबाईलच्या टॉवरवरून अंदाज करतो. त्या रात्री लाईट गेली, वायफाय गेला, आमच्या फोनचा टॉवरही गेला, आणि बँडमधलं सिम दुसऱ्या कंपनीचं, ते लांबच्या टॉवरला जाऊन चिकटलं. म्हणून आप्पा तलावात. आता मला कळतं, ठिपक्याच्या भोवती मोठं फिकट वर्तुळ असलं तर तो अंदाज आहे, माणूस त्या वर्तुळात कुठंही असू शकतो. तू पण ते वर्तुळ बघत जा आधी.

म्हणून मी आणि पप्पांनी बसून दोन गोष्टी बदलल्यात, रागावू नको. घराभोवतीची शंभर मीटरची हद्द होती ती तीनशे केली. शंभरात आप्पा पलंगावर असले तरी ठिपका उडी मारून बाहेर जायचा आणि तुझा फोन वाजायचा, ऑफिसात, मीटिंगमध्ये, रात्री. आणि दुसरं, अलर्ट पहिला माझ्याकडं, मग पप्पा, मग मल्लूमामा, मग तू. तुझं नाव चौथं. वाईट वाटलं असेल तर वाटू दे. तू हिंजवडीतून धावून काय करणार सांग, इथं जो पाच मिनिटात चप्पल घालून बाहेर पडेल त्याचाच फोन आधी वाजायला पाहिजे. मल्लूमामा पहाटे दूध उतरवायला उठलेलेच असतात. त्यांचा आणि शेजारच्या पद्माक्कांचा नंबर तुला पाठवलाय, माझा नाही लागला तर त्यांना लाव, कितीही वाजलेले असू देत. पद्माक्का म्हणाल्या पोरीला सांगा बिनधास्त उठवायचं मला.

बँड वाईट आहे असं मी कधी म्हणाले नाही मनू. दिवाळीनंतर आप्पा पहाटे कडी काढून निघाले तेव्हा बँडनंच सांगितलं. मल्लूमामांना मधल्या मारुतीपाशी सापडले, अंगात बनियन, हातात रिकामा डबा. फर्स्ट शिफ्ट म्हणे. भोंगा झाला म्हणे. लक्ष्मी-विष्णू मिल बंद पडून इतकी वर्षं झाली, तो भोंगा त्यांच्या कानात अजून रोज वाजतो. तुला आठवत नसेल, तू व्हायच्या आधी सगळी गल्ली त्या भोंग्यावर उठायची, मी नवीन लग्न होऊन आले तेव्हा दचकून उठायचे आणि सासूबाई हसायच्या. आप्पा लूमवर होते, घरी आले की कानात कापूस तसाच, आपण काय बोलतोय ते ऐकूच यायचं नाही, आणि केसात सुताचे धागे. मी काय सांगत होते, हां, तर बँडमुळंच सापडले, आणि तो बँड तू आणलास, स्वतःच्या पगारातून, दहा ठिकाणी चौकशी करून, बटण दाबलं की फोन लागतो का, पडले तर कळतं का, पाण्यात चालतो का. अत्यांना मी अभिमानानं सांगितलं.

अत्यांवरून आठवलं, त्या ॲपचा पासवर्ड मागत होत्या, मी दिला नाही. आणि तू फॅमिली ग्रुपवर आप्पांच्या ठिपक्याचा स्क्रीनशॉट टाकलास तो काढून टाक. आप्पा कुठं जातात, किती वाजता निघतात, हे पन्नास जणांनी कशाला बघायचं? मी बँड बांधायच्या आधी त्यांना विचारलं होतं. सकाळचे शुद्धीत असतात ना, चहा पिताना, तेव्हा स्पष्ट सांगितलं, आप्पा तुम्ही रस्ता चुकलात तर आम्हाला यातनं कळतं, बांधू का. थोडा वेळ बघत बसले, मग हात पुढं केला. एचएमटी घड्याळ काढून ठेवलं आणि त्याच मनगटावर हा बांधला म्हणून ओढत नाहीत. संध्याकाळी मात्र ओढतात. डॉक्टर म्हणाले ह्या विसरण्याच्या आजारात दिवस मावळताना बेचैनी वाढते बऱ्याच जणांची, तेव्हा वाद घालायचा नाही, लाईटी लावायच्या, हाताला काम द्यायचं. मी शेंगा देते फोडायला. तासभर शांत.

आणि बँडवरच सगळं सोडायचं नाही हे पण लक्षात ठेव. चार्जिंग संपतं, सिमचा रिचार्ज संपतो. दर मिनिटाला जागा कळवायची सेटिंग होती तेव्हा दिवस मावळायच्या आत बंद पडायचा, आता दहा मिनिटावर ठेवलंय. सगळ्या शर्टांच्या आत कापडाची पट्टी शिवलीय, नाव आणि पप्पांचा नंबर. खरंच दिसेनासे झालेच तर ११२ लावायचा आणि पोलिसात लगेच जायचं, चोवीस तास थांबावं लागतं म्हणतात ते खोटं आहे. आणि तू तुझ्या खोलीत बसून फोन करायचे. गाडी काढायची नाही. बघ, आलंच परत. नाही काढणार म्हणाले होते. पण तुझे डोळे बघितलेत मी, तू रात्री उठून उठून ॲप बघतेस ना? खरं सांग. झोप झाली नाही की तुला डोकेदुखी सुरू होते, दहावीपासूनची आहे. फोन बाहेरच्या खोलीत ठेवून झोप. पाणी पी. बरं, लेक्चर झालं, माफ कर.

आता गड्ड्याचं, सिद्धेश्वराच्या जत्रेचं. तू म्हणालीस आप्पांना गर्दीत न्यायचं नाही, गर्दीत नेटवर्क जाम होतं, ठिपका उशिरा हलतो. ते पटतंय. पण १३ तारखेला सातही नंदीध्वज, त्या उंच मानाच्या काठ्या, गावातल्या अडुसष्ट लिंगांना निघतात आणि आप्पांनी ते एक वर्ष चुकवलेलं नाही. परवा टीव्हीवर हलग्या वाजल्या तर बसल्या जागी हात वर करून "बोला हर्र" म्हणाले, स्वच्छ. बाकी माझं नाव विसरतात. मी आणि पप्पा दोन्हीकडून हात धरून रस्त्याच्या कडेला उभं करणार, होम मैदानात नेणार नाही. तू चार वर्षांची होतीस तेव्हा होम मैदानात पाळण्यापाशी हरवलीस, तुला सांगितलंय कितीदा. आप्पांनी निघताना तुझ्या फ्रॉकला सेफ्टी पिननं चिठ्ठी लावली होती, नाव, गल्ली, मिलचा तिकीट नंबर. मी हसले होते, कागद कशाला म्हणून. पोलिसांनी ती चिठ्ठी वाचून भोंग्यावर पुकारलं आणि आप्पा असे पळाले, पायातली एक चप्पल तिथंच राहिली. तुला उचललं तेव्हा तू रडत नव्हतीस, ते रडत होते.

उद्या मला असं झालं तर मलाही बांध बँड. खुशाल बांध, विचारायची गरज नाही. पण मी हरवले तरी रात्री निघायचं नाही, सकाळी उजाडल्यावर यायचं, कुणाला तरी सोबत घेऊन, हे आत्ताच सांगून ठेवते.

१३ ला येणार असशील तर आदल्या दिवशी संध्याकाळी हुतात्मा एक्सप्रेसनं ये, पप्पा स्टेशनवर येतील. तिकीट आत्ताच काढ, गड्ड्याला मिळत नाही.

तुझी,
आई

ता. क. शेंगाचटणी आणि कडक भाकरी पार्सल केलीय, मैत्रिणीला पण दे, गाडीबद्दल तिला थँक्यू सांग माझ्याकडून. आणि ॲपमध्ये बॅटरी वीस टक्क्यांवर आली की सांगतं ते आवाज फार बारीक आहे, मोठा कुठून करायचा ते स्क्रीनवर गोल करून पाठव.