शस्त्रसंधीत लागलेली गोळी कुठल्या रकान्यात बसते, मंत्रिमहोदय?

माननीय मंत्रिमहोदय, सादर नमस्कार.

गेल्या मंगळवारी तुमच्या खात्याचं पत्र आलं. माझ्या पायातली गोळी ही 'लढाईतली जखम' धरता येत नाही म्हणे, कारण त्या तारखेला तिथे शस्त्रसंधी लागू होती. अहो साहेब, शस्त्रसंधी होती म्हणूनच तर आम्हाला पाठवलंत ना? लढाई चालू असती तर हातात वही-पेन्सिल दिली असतीत का?

मी संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत शस्त्रसंधीचा निरीक्षक होतो, बिनहत्यारी. निळी टोपी, दुर्बीण, रेडिओ आणि उल्लंघनाचा फॉर्म. त्यात एक रकाना, आधी गोळी कोणी झाडली. मी रस्त्यावर उकिडवा बसून झाडलेल्या गोळ्यांच्या पुंगळ्या मोजायचो, इकडचा कमांडर म्हणणार त्यांनी, तिकडचा म्हणणार ह्यांनी, आणि सही दोघंही करणार नाहीत. हत्यारं जमा करायला दोन्हीकडचे गंजक्या बंदुका आणायचे, चालू माल जंगलात पुरलेला, हे मी लिहून पाठवलं तर वर जाईपर्यंत त्याचं 'परिस्थिती सर्वसाधारण शांत' झालं!

तीन ऑपरेशनं झाली, जिना चढवत नाही, रात्री दार आपटलं तरी मी पलंगाखाली जातो. क्लेमला सहा वर्षं झाली. आता म्हणतात घटनेचा मूळ रिपोर्ट जोडा. रिपोर्ट लिहिणारा मीच होतो हो, आणि त्या दिवशी मी स्ट्रेचरवर होतो.

पण माझं एकट्याचं सोडा. 1992 ला अंगोलात सोळा वर्षांच्या युद्धानंतर निवडणूक, आख्ख्या देशाला लष्करी निरीक्षक किती, तर साडेतीनशेच्या आसपास. बंडखोरांचा नेता साविंबी हरला, निकाल मानला नाही, पुन्हा युद्ध. 1994 ला रवांडात कत्तल सुरू झाल्यावर सुरक्षा परिषदेने अडीच हजारांची फौज वाढवायची सोडून 270 वर आणायचं ठरवलं. सिएरा लिओनमध्ये बंडखोरांशी 1999 चा शांतता करार होता, तरी 2000 साली बंडखोरांनी पाचेकशे शांतिसैनिक धरले, कैलाहुनला आपले दोनशेवर जवान दोन महिन्यांहून जास्त वेढ्यात. तीही शस्त्रसंधीच होती बरं का. (तिथेच पुढे सतरा हजारांची फौज गेली आणि काम निभावलं, म्हणजे जमतं, जमवायचं असलं की.) आजवर जगभरात चार हजारांवर शांतिसैनिक गेले, आपले पावणेदोनशेच्या पुढेमागे, आकडा इकडेतिकडे असेल तर तुमच्या खात्यानेच सांगावा.

सुरक्षा परिषदेत व्हेटो पाच देशांकडे, गोळ्या खायला आम्ही, आणि संयुक्त राष्ट्रांची वर्गणी मोठ्या देशांचीच थकलेली. 2025 ला पैसे नाहीत म्हणून चौथाई शांतिसैनिक कमी करायचं जाहीर झालं. उरलेल्यांनी पुंगळ्या जरा भरभर मोजायच्या असतील.

माझं म्हणणं एवढंच, ते 'शस्त्रसंधी लागू होती' वाक्य खोडा आणि फाईल पुढे सरकवा. पुढची सुनावणी तिसऱ्या मजल्यावर लावलीय, लिफ्ट बंद आहे हे फोन करून विचारलं. येतो मी. वेळ लागेल, थांबा म्हणावं.

आपला,
एक बिनहत्यारी निरीक्षक (निवृत्त)