स्टूल पायाने दाबून धरणाऱ्या नियंत्रक साहेबांस

महामार्ग बसस्थानक, मुंबई नाका, नाशिक

साहेब, सप्रेम नमस्कार.

आई ठाण्याला सुखरूप पोहोचली. भावाच्या घरून तिचा फोन आला तेव्हा आधी तुमचंच कौतुक, नातवाचं नंतर. म्हटलं, हे लिहायलाच हवं. काही बिनसलं की तक्रार पुस्तक मागायला आपण सगळेच पुढे असतो.

खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून आई वॉकरवर चालते. सपाटीला तिचं काही अडत नाही, पण पायरी दिसली की चेहरा उतरतो. तरी जायचं ते एसटीनेच, हा तिचा हट्ट. तिचं जन्मसाल १९४८, आणि पुणे-नगर रस्त्यावर पहिली एसटी धावली तीही १९४८ च्या जूनमध्ये. ‘आम्ही दोघी एका वयाच्या’ असं ती कंडक्टरलासुद्धा ऐकवते. २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत झाला, आणि तिची पंचाहत्तरी झाल्यापासून तर विचारूच नका.

खरं सांगायचं तर मी तिचा हट्ट आधी मोडून काढला होता. एका खासगी ट्रॅव्हल्सचं तिकीट काढलं, वॉकरचं फोनवर सांगूनही ठेवलं. ‘या हो ताई, आपलीच गाडी आहे.’ गाडी आली ती रस्त्याच्या मधोमध, दार उघडं आणि चाकं चालूच. क्लीनर वरून म्हणतो, ‘आजींना उचला ना पटकन!’ आईला काय पोतं समजले होते कोण जाणे. गाडी गेली, पैसेही गेले. मग आमच्या नात्यातले एक गाडीवाले, ‘मावशीला कधीही न्यायचं असलं तर हक्काने सांग’ म्हणणारे. हक्काने सांगितलं. त्यांचा फोन अजून रेंजमध्ये यायचाय.

तर त्या सकाळी आम्ही तुमच्या स्थानकात. ठाण्याची गाडी फलाटाला लागली आणि नेहमीचं सुरू झालं. खिडकीतून रुमाल, पिशव्या, एकाने तर पोरगंच आत सोडलं. आम्ही दोघी दोन गाड्यांच्या मधल्या बोळात उभ्या. आईने मान वर करून ती पहिली पायरी पाहिली आणि मला हळूच म्हणाली, ‘राहू दे गं, घरी जाऊ.’

या पायरीचं मला नेहमी नवल वाटतं. कसारा घाटात तासन्‌तास अडकणाऱ्यांसाठी केवढा खर्च झाला! २०२५ च्या जूनमध्ये समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पाही खुला झाला, डोंगराच्या पोटातून बोगदे काढले. पण म्हाताऱ्या माणसाला गाडीत चढायला जो एक वीतभर आधार लागतो, तो कोणाच्याच आराखड्यात नसतो.

तुम्ही नियंत्रण कक्षाच्या खिडकीतून आम्हाला कधी पाहिलंत, ठाऊक नाही. मी हाकही मारली नव्हती. तुम्ही बाहेर आलात ते हातात लाल प्लास्टिकचं स्टूल घेऊनच. वर वर्तमानपत्राची घडी चिकटलेली होती, चहाचा गोल डाग पडलेली. म्हणजे तुमचं रोजचं बसायचंच असणार. ते तुम्ही पायरीखाली ठेवलंत, हाताने हलवून पाहिलंत. एका बाजूला फरशी उखडलेली, स्टूल डुगडुगलं. तुम्ही ते वीतभर सरकवलंत, पुन्हा हलवून पाहिलंत आणि मग त्याच्या पायावर आपला बूट घट्ट रोवून उभे राहिलात. म्हणालात, ‘मावशी, सावकाश. गाडी मी सोडल्याशिवाय हलत नाही.’

साहेब, त्या बुटाचे आभार मानायचेत मला. स्टूल कोणीही आणून दिलं असतं, ‘ठेवलंय बघा’ म्हणून लांब झालं असतं. तुम्ही ते हलणार नाही याची जबाबदारी घेतलीत. हात पुढे केलात, पण तिचा दंड धरला नाहीत. ती धरेल तेव्हा धरेल, म्हणून नुसता हात तिथे ठेवलात. दवाखान्यापासून लग्नाच्या हॉलपर्यंत आईला गेले कित्येक महिने लोक सामानासारखं इकडून तिकडे ठेवताहेत. त्या दिवशी ती स्वतः चढली. एक पाय स्टुलावर, दुसरा पायरीवर, मधे दम खाल्ला, मग वर.

मागून कोणीतरी बोललंच, ‘फुकटवाल्यांसाठी गाडी थांबवायची का?’ तुम्ही वळूनसुद्धा पाहिलं नाहीत. आत जाऊन ज्येष्ठांच्या सीटवरचा रुमाल उचललात, खिडकीतून ज्याचा त्याला दिलात, वॉकर घडी करून ड्रायव्हरच्या मागे टेकवलात. आणि स्टूल काखेत मारून परत खिडकीत. मी धन्यवाद म्हणेपर्यंत तुम्ही माईकवर शिर्डीची गाडी पुकारत होतात.

तुमच्या छातीवरच्या पट्टीवर नाव होतं. ते इथे मुद्दाम लिहीत नाही. उद्या कोणी विचारायचं, कक्षातलं स्टूल बाहेर नेण्याचा नियम दाखवा. आपल्याकडे अंगावर घेऊन काम करणाऱ्यालाच आधी खुलासा मागतात. खरं तर गाड्या, रस्ते, स्थानकं चालतात ती अशाच चार माणसांच्या जिवावर. वर्दी चढली की आवाज चढतो, हे आपण इतकं पाहिलंय, की वर्दीतला माणूस खाली वाकला की डोळ्यांत पाणीच येतं. माझ्या आलं. आईच्या नाही, ती खिडकीतून तुम्हाला शोधत होती.

२०२७ च्या सिंहस्थाला आपल्या नाशकात सगळा देश लोटणार. गावोगावच्या म्हाताऱ्या याच फलाटांवर उतरतील आणि चढतील. बांधकामं होतील तेवढी होवोत. पण प्रत्येक फलाटाला दोन भक्कम पायऱ्यांचा लाकडी ठोकळा ठेवायला फार निधी लागणार नाही. वरिष्ठांनी हे वाचलंच, तर एवढं कराच. तुमचं बसायचं स्टूल तुम्हाला बसायला राहील.

बाकी, आईने ठाण्यात डिंकाचे लाडू वळायला घेतलेत. थंडीत ती परत येईल तेव्हा डबा तुमच्यासाठी आहे. तुमची ड्युटी सकाळची असते की दुपारची, तेवढं मी चौकशीच्या खिडकीवर विचारून ठेवते. नको म्हणू नका, तिच्यापुढे कोणाचं चालत नाही.

आपली,
इंदिरानगरची एक प्रवासी