माझ्या शाकाहाराच्या नावावर सही मागू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेले काही दिवस आपल्या पेपरात शाकाहार-मांसाहारावर वाचकांची पत्रं येतायत, मी सगळी वाचली. एक जण म्हणतात माणसाची आतडी लांब असतात म्हणून देवाने आपल्याला शाकाहारीच बनवलंय, दुसरे म्हणतात मटणाशिवाय अंगात ताकद येत नाही. मी स्वतः 26 वर्षं मांस, मासे, अंडं काहीच खाल्लेलं नाही आणि पुढेही खाणार नाही, तरी आपल्याच बाजूची पत्रं वाचून मला जास्त राग आला म्हणून लिहितेय.

आमचे वडील माळकरी होते. काळाचौकीला चाळीत एक खोली, वडील गिरणीत साचेखात्यात. गळ्यात तुळशीची माळ, एकादशी कधी चुकवली नाही, रजा मिळाली की आषाढीला पंढरपूर. आणि त्याच खोलीत, त्याच स्टोव्हवर आई बुधवार, शुक्रवार, रविवार बोंबील नाहीतर बांगडे करायची. वडिलांचा तवा आणि टोप वेगळा, वरच्या फळीवर ठेवलेला असायचा, त्यांची भाकरी-भाजी आधी व्हायची, ते जेवून गॅलरीत जाऊन बसायचे आणि मग आमची पंगत. आईला "करू नकोस" असं त्यांनी एकदाही म्हटलेलं मी ऐकलं नाही. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि घरातला पगार थांबला तेव्हा आम्हा चार भावंडांचं जेवण म्हणजे भात आणि सुकट, कारण त्यातल्या त्यात तेच परवडायचं, आणि ती सुकट बाजारातून आणायचे कोण तर आमचे माळकरी वडील, वासाने त्यांना मळमळायचं तरी पिशवी हातात धरून चालत यायचे. पोरांच्या पोटात काहीतरी कसदार गेलं पाहिजे एवढंच म्हणायचे. माळ त्यांच्या गळ्यात होती, आमच्या गळ्यात त्यांनी कधी बळंच घातली नाही.

आता मी बोरिवलीला राहते. बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली, नवीन टॉवर झाला, निम्मे लोक नवीन आले. मागच्या वर्षी कमिटीतले दोघं एक कागद घेऊन दारात आले, की नॉनव्हेज खाणाऱ्यांना फ्लॅट भाड्याने देऊ नये असं सगळ्यांनी लिहून द्यायचं, आणि मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही तर प्युअर व्हेज, तुमची सही पहिली पाहिजे." मी सही केली नाही. चौथ्या मजल्यावर तेव्हा एक कोळी जोडपं भाड्याने राहायचं, मुलगी हॉस्पिटलमध्ये नर्स, नाईट करून सकाळी लिफ्टमध्ये भेटायची. त्यांचं अ‍ॅग्रीमेंट संपल्यावर मालकाने वाढवून दिलं नाही. कारण सगळ्यांना माहीत होतं, तोंडावर कोणी बोललं नाही. जे लोक या किनाऱ्यावर आपल्या सगळ्यांच्या आधीपासून आहेत त्यांनाच मुंबईत घर शोधताना "मासे खाता का" विचारलं जातं, हे मला सहन होत नाही. आणि तो "प्युअर" शब्द तर मी कधीच वापरत नाही, मी शुद्ध म्हणजे माझी आई अशुद्ध का?

असल्याच जबरदस्तीचे हुकूम निघतात तेव्हाही मला तितकाच त्रास होतो. 2015 ला जैनांच्या पर्युषण पर्वात मुंबईत मांसविक्री बंद ठेवायचं ठरलं होतं, हायकोर्टाने त्याला स्थगिती दिली. दहा वर्षांनी कल्याण-डोंबिवलीत 15 ऑगस्टला, स्वातंत्र्यदिनाला, मटण-चिकनची दुकानं बंद ठेवायचा आदेश निघाला. अशा आदेशाने एका तरी कोंबडीबद्दल कोणाच्या मनात दया आली असेल असं मला वाटत नाही, उलट आमच्या ओळखीतले लोक मुद्दाम आदल्या दिवशी जास्तीचं आणून फ्रीज भरून ठेवतात.

दयेचा मुद्दा मात्र खरा आहे, तो मी सोडत नाही. मी खाणं सोडलं ते शाळेच्या वाटेवरच्या चिकनच्या दुकानामुळे. पिंजऱ्यात इतक्या कोंबड्या कोंबलेल्या की एकीला मान फिरवता येत नव्हती, रोज बघून बघून एक दिवस घास उतरेना. पण मग प्रामाणिक असायचं तर दुधापर्यंत जावं लागतं. मुंबईच्या तबेल्यांमध्ये म्हशीला रेडकू झालं तर त्याचं काय होतं हे दूधवाल्याला विचारून बघा, ते दूध देणार नाही म्हणून त्याला कोणी पोसत नाही, बरीचशी उपाशीच मरतात. गांधीजींनी म्हशी-गाईंवर दूध काढताना होणारे अत्याचार कळल्यावर दूध सोडलं होतं, पुढे फार आजारी पडल्यावर शेळीचं दूध घेतलं आणि आपलं व्रत शब्दाने पाळलं, भावनेने मोडलं ही टोचणी त्यांनी आत्मचरित्रात लपवलेली नाही. मी अजून चहात दूध घालते. म्हणून शेजारणीच्या सुरमईवर बोलायचा अधिकार मला नाही असं मी समजते. त्याच गांधीजींनी 20 नोव्हेंबर 1931 ला लंडनच्या व्हेजिटेरियन सोसायटीपुढे भाषण केलं त्यात शाकाहारींनाच सांगितलं की दुसऱ्याला आपल्याकडे वळवायचं तर आधी सहनशील व्हा, अंगी नम्रता आणा. आणि शाकाहाराला आरोग्याचा आधार पुरत नाही, नैतिक आधार लागतो, हेही त्यात होतंच.

आरोग्याबद्दल तर माझा स्वतःचा अनुभव सांगते. चार वर्षांपूर्वी पायाला सारख्या मुंग्या यायला लागल्या, फळ्यावर लिहिताना तोल जायचा, मला वाटलं वय झालं. डॉक्टरांनी बी-12 जीवनसत्त्व तपासलं तर अगदी तळाला. इंजेक्शनं घेतली, आता गोळी कायमची. आणि हे होण्याआधी कित्येक वर्षं मी लोकांना छाती ठोकून सांगायची की उसळी, दही, नाचणी खा, सगळं मिळतं. सगळं नाही मिळत. प्रोटीन डाळी-कडधान्यातून भागवता येतं, लोहासाठी पालेभाजीवर लिंबू पिळा आणि जेवणाला लागून चहा घेऊ नका, पण बी-12 वनस्पतीत नसतं म्हणजे नसतंच, दुधात असतं तेही कपभर चहातल्या दुधाने पुरं होत नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या गावांतल्या गरोदर बायका आणि पुढे त्यांची मुलं यांचा अभ्यास केलाय, त्यात निम्म्याहून जास्त आयांना बी-12 कमी निघालं आणि ज्यांचं बी-12 कमी पण फोलेट (तेही एक बी जीवनसत्त्वच) जास्त त्यांच्या मुलांमध्ये पुढे डायबेटिसकडे नेणारी लक्षणं दिसली. आहारावर फॉरवर्ड पाठवणाऱ्यांनी त्यात हेही लिहावं. आतड्यांचं म्हणाल तर गाईसारखं चार कप्प्यांचं पोट आपल्याला नाही, गवत आपल्याला पचत नाही, माणूस दोन्ही खाणारा प्राणी आहे. मटणवाल्या पत्रलेखकांसाठीही सांगते, सॉसेज-सलामीसारखं प्रोसेस्ड मांस कॅन्सरला कारण ठरतं हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने 2015 मध्येच जाहीर केलंय, तेव्हा तिकडेही डोळे मिटून खाण्यासारखं नाही.

पण मोठ्या माणसांचं सोडा, गोळ्या घेऊ. मला लिहायचं होतं ते मुलांबद्दल. मी 30 वर्षं शाळेत शिकवलं. सकाळच्या शाळेला पोरं चहा-खारी खाऊन यायची, प्रार्थनेला उभी राहून चक्कर येऊन पडायची. 2019-21 च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 68.9 टक्के मुलं अ‍ॅनिमिक निघाली. नोव्हेंबर 2023 मध्ये राज्य सरकारने शाळेच्या जेवणात आठवड्यातून एक अंडं द्यायचं ठरवलं, खात नाही त्याला केळं. मला, अंडं न खाणाऱ्या बाईला, त्या दिवशी इतकं बरं वाटलं होतं. त्यावर लगेच विरोध सुरू झाला, निवेदनं दिली गेली, आणि जानेवारी 2025 मध्ये सरकारने अंड्याचे पैसे बंद केले, शाळांनी पाहिजे तर लोकवर्गणीतून द्यावं म्हणे. वर्गणी कोण देणार, ज्यांची मुलं सरकारी शाळेत आहेत ते? एका अंड्यात सहा ग्रॅम प्रोटीन असतं, बी-12 असतं, उकडलेलं असलं की भेसळ करता येत नाही, खिचडीत डाळ कमी घातली तरी कळत नाही तसं अंड्याचं होत नाही, अर्धं दिलं तर पोरगंच ओरडेल. विरोध करणाऱ्यांपैकी कितींची मुलं त्या रांगेत ताट घेऊन उभी असतात?

ज्याला नको त्याला केळं होतंच की. सरकारने अंड्याचे पैसे परत सुरू करावेत आणि माझ्यासारख्या शाकाहारी लोकांनी ते मागावेत, अंडं खाणाऱ्यांच्या आधी. शिक्षण खात्याला मी तसं पत्र लिहिलंय, आमच्या बिल्डिंगमधल्या सहा शाकाहारी घरांनी त्यावर सह्या केल्यात. कमिटीचा तो भाडेकरूंबद्दलचा कागद मात्र अजून माझ्या कपाटात सहीविना कोराच आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
बोरिवली (पूर्व), मुंबई